खिशांतील पेटी

आमच्या आजीची एक पत्र्याची पेटी होती. माजघरांतील फडताळाखालीं ती ठेवलेली असे, आणि तिच्या कुलुपाची किल्ली सदैव आजीच्या कनवटीला असे. त्या पेटींत काय असावें हें आम्हां नातवंडांस मोठें कोडें होतें. कोणी म्हणे सोनें, कोणी म्हणे चांदीचे रुपये. आमची स्वतःची समजूत अशी होती कीं, तींत निदान गुळाची ढेप तरी असलीच पाहिजे. पुढें आजी वारल्यावर वडिलांनीं ती पेटी सर्वांच्या देखत उघडली. सोनें निघालें नाहीं, रुपयेहि निघाले नाहींत. दोन लुगडीं, जमिनीचे जुने कागद आणि सुताच्या दोऱ्यानें बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा, एवढाच ऐवज तींत होता. आणि नवल हें कीं, तीं पत्रें आजीचीं नव्हतींच. शेजारच्या आळींतील एका सासुरवाशिणीनें आपल्या माहेरचीं पत्रें घरांत कोणाच्या हातीं लागूं नयेत म्हणून तीं आजीपाशीं ठेवावयास दिलीं होतीं. ती बाई पुढें गांव सोडून गेली; पत्रें राहिलीं. आम्हां मुलांचे हात गठ्ठ्याकडे वळलेले पाहून वडील म्हणाले, "हें आपलें नव्हे." दोरा न सोडतां त्यांनीं त्या बाईचा ठावठिकाणा शोधून काढला आणि तो गठ्ठा जसाच्या तसा तिच्या हातीं पोंचता केला.

ह्या गोष्टीस पुष्कळ वर्षें झालीं. पत्र्याच्या पेट्या माळ्यावर गेल्या. परंतु पेटी ह्या वस्तूची गरज कांहीं गेली नाहीं. ती लहान होऊन प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसली आहे. तिला आपण स्मार्टफोन म्हणतों. आजीच्या पेटींत मावला असता त्याच्या शतपट ऐवज हिच्यांत मावतो: घरच्या माणसांचीं छायाचित्रें, बँकेचे हिशेब, आधारकार्डाची प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मित्रानें रात्रीं कळविलेलें दुःख, आईनें पाठविलेला निरोप. आणि तरीहि ही पेटी आपण उघडी टाकतों, मागेल त्याच्या हातीं देतों, दुकानाच्या फळीवर विसरून येतों. तिला कुलूप कसें घालावें हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. परंतु तत्पूर्वीं तें कां घालावें हें सांगितलें पाहिजे; आणि तें सांगावयाचें म्हणजे आम्हांस आपल्याच एका अपराधाची कबुली दिली पाहिजे.

सन २०२३ च्या डिसेंबरांत आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन झालें. दुसरे दिवशीं मधल्या सुटींत नववीच्या वर्गांतील चारपांच मुलें शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं आलीं. "सर, नाटकाचे फोटो दाखवा ना!" आम्ही वह्या तपाशीत होतों. मान वर न करितां आम्हीं फोन उघडून त्यांच्या हातीं दिला आणि पुन्हां वह्यांत डोकें घातलें. मुलें एकामागून एक चित्र सरकवीत होतीं आणि हंसत होतीं. मग एकाएकीं हंसणें थांबलें. तें थांबलेलें आम्हांस कळलें, परंतु कां थांबलें हें कळलें नाहीं. "थँक्यू, सर," म्हणून मुलांनीं फोन टेबलावर ठेवला आणि तीं निघून गेलीं.

नाटकाच्या चित्रांमध्यें एक निराळेंच चित्र येऊन बसलें होतें. त्याच वर्गांतील एका मुलाच्या आईनें फीच्या सवलतीसाठीं अर्ज लिहिला होता. कचेरींत चारचौघांसमोर तो देण्याचा तिला संकोच वाटला, म्हणून संमेलनाच्या दिवशींच सकाळीं तिनें कागदाचें छायाचित्र काढून तें व्हॉट्सअ‍ॅपवरून आम्हांस पाठविलें. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. ती स्वतः दोन घरचीं धुणींभांडीं करूं लागली होती. आणि ही गोष्ट मुलाच्या सोबत्यांस कळूं नये, अशी विनंतीहि तिनें अर्जाच्या शेवटीं केली होती. व्हॉट्सअ‍ॅपची रीत अशी आहे कीं, आपण ती बदलली नाहीं तर आलेलें प्रत्येक चित्र तें आपण होऊन फोनच्या गॅलरींत नेऊन ठेवतें. ही रीत आम्हांस ठाऊक नव्हती असें नाहीं. तिच्याकडे आम्हीं कधीं लक्ष दिलें नव्हतें. त्यामुळें एका माउलीचा अर्ज आणि नाटकांतल्या राजाचा मुगुट हीं एकाच ताटांत वाढलीं गेलीं, आणि तें ताट आम्हीं आपल्या हातानें मुलांपुढें सरकविलें.

दोन दिवसांनीं तो मुलगा शाळेंत येईनासा झाला. मैदानावर कोणीतरी त्याला एका शब्दानें हांक मारली होती. तो शब्द येथें लिहीत नाहीं. चार दिवस वाट पाहून आम्ही त्याच्या घरीं गेलों. आईनें आम्हांस आंत बोलाविलें, बसावयास खुर्ची दिली, चहा केला. आम्हीं क्षमा मागितली. रागाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाहीं. आम्ही निघतांना ती एवढेंच म्हणाली, "सर, मी तो कागद तुम्हांला दिला होता." त्यांतील "तुम्हांला" ह्या शब्दावर तिनें मुळींच जोर दिला नव्हता, तरी तो शब्द आम्हांस अजून ऐकूं येतो.

मुलगा पुढें शाळेंत येऊं लागला. ज्यानें तो शब्द उच्चारिला होता तो आमच्याकडे येऊन रडूं लागला. आम्हीं त्याला सांगितलें, "बाळ, चेष्टा केलीस हा दोष तुझा, त्याची क्षमा तुझ्या मित्राजवळ माग. उघडी पेटी तुझ्या हातीं दिली हा दोष आमचा. त्याची क्षमा आम्हीं मागून आलों आहों."

त्या दिवसापासून एक वाक्य कानीं पडलें कीं आम्हांस गप्प बसवत नाहीं. तें वाक्य असें: "माझ्या फोनांत लपविण्यासारखें कांहींच नाहीं, मग कुलूप हवें कशाला?" हें पालकांच्या तोंडीं असतें, विद्यार्थ्यांच्या तोंडीं असतें, आणि त्या डिसेंबरपूर्वीं तें आमच्याहि तोंडीं होतें. त्यांतील चूक अशी कीं, बोलणारा केवळ स्वतःपुरता विचार करितो. आपल्या फोनांत जें असतें त्यांतील पुष्कळसें दुसऱ्याचें असतें. मित्रानें लिहिलेलें दुःख मित्राचें आहे. बहिणीचें छायाचित्र बहिणीचें आहे. आजोबांच्या रक्ततपासणीचा कागद आजोबांचा आहे. ह्या ऐवजाचे आपण धनी नव्हे, राखणदार आहों. आपल्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं नसेलहि. राखण्यासारखें मात्र पुष्कळ असतें.

ही समज आपल्या लोकांस नवी नाहीं. सन १८७९ मध्यें हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें, तेव्हां त्याची किंमत अवघा पाव आणा होती. इतकें स्वस्त साधन हातीं आलें तरी लोकांनीं बंद लखोटा सोडला नाहीं. खुशालीचा मजकूर कार्डावर जाई; कर्जाची बोलणी आणि आजाराची खरी हकीकत लखोट्यांत जाई. लखोटा चिकटविणारास कोणी कपटी म्हणत नसे. आमच्या प्रार्थनेच्या तासास ज्या डोंगरावरील प्रवचनाचें वाचन होतें, त्यांत तर प्रार्थनादेखील खोलीचें दार लावून करावी असा उपदेश आहे. मनुष्याचें जें अत्यंत पवित्र तेंहि बंद दाराआड असूं शकतें. मग बंद दार पाहिलें कीं आंत पाप आहे असें कोणीं समजूं नये. आणि सन २०१७ च्या ऑगस्टच्या २४ तारखेस भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें असा निर्णय दिला आहे कीं, खाजगीपणा हा राज्यघटनेनें दिलेल्या मूलभूत हक्कांचा भाग आहे. हा खटला लढविणारे गृहस्थ स्वतः कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

असो. आतां कुलुपांकडे वळूं.

घराला जसा दिंडीदरवाजा तसें फोनला पडद्याचें कुलूप. चार आंकड्यांचा पिन घेतला तर त्याचे दहा हजार प्रकार होऊं शकतात. सहा आंकड्यांचा घेतला तर दहा लाख. गणिताच्या तासास हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. परंतु आपलें जन्मसालच पिन म्हणून ठेवलें, तर त्या दहा हजारांचे शंभरहि उरत नाहींत, कारण ओळखीच्या मनुष्याचें वय कोणासहि अंदाजानें सांगतां येतें. बोटानें नक्षी काढून फोन उघडणारांनीं कांचेवर उमटलेला बोटाचा माग तिरप्या उजेडांत एकदां पाहावा, म्हणजे आपली किल्ली आपण दारालाच टांगून ठेवतों हें ध्यानांत येईल. शिवाय फोन बाजूस ठेवल्यावर तो अर्ध्या मिनिटांत आपोआप बंद व्हावा, अशी व्यवस्था करून ठेवावी.

दिंडीदरवाजा लावला तरी उंबऱ्यावर पडलेलीं पत्रें येणारा जाणारा वाचूं शकतो. बंद पडद्यावर जे निरोप झळकतात ते असे उंबऱ्यावर पडलेले पोस्टकार्डच होत. मित्राचा निरोप आणि बँकेनें पाठविलेला एकवेळचा सांकेतिक आंकडा, दोन्ही शेजारी बसलेल्यास न मागतां वाचावयास मिळतात. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्यें जाऊन, फोन बंद असतांना मजकूर दिसूं नये, केवळ निरोप आला एवढेंच दिसावें, असें ठरवितां येतें. कार्डाचा लखोटा करण्याची ही युक्ति दोन मिनिटांची आहे.

मग आंतल्या खोल्या. घरांत पाहुणा आला म्हणजे आपण त्याला ओटीवर बसवितों. सगळ्या खोल्या उघडून देत नाहीं. फोनांतहि एकेका अ‍ॅपास निराळें कुलूप घालण्याची सोय आतां झाली आहे. आयफोनवर सन २०२४ मध्यें आलेल्या आयओएस १८ पासून बहुतेक कोणत्याहि अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरलें असतां, तें चेहरा, बोटाचा ठसा किंवा पासकोड ह्यांवांचून उघडूं नये असें करितां येतें. आणि मग त्या अ‍ॅपचे निरोपहि बाहेर झळकत नाहींत. अँड्रॉइडवर सन २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीपासून प्रायव्हेट स्पेस नांवाची एक स्वतंत्र खोलीच मिळूं लागली आहे. मात्र ती प्रत्येक कंपनीच्या फोनांत असतेच असें नाहीं. सॅमसंगच्या पुष्कळ फोनांत सिक्युअर फोल्डर ह्या नांवानें अशीच सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपला सन २०१९ पासून बोटाच्या ठशाचें कुलूप लावतां येतें, आणि सन २०२३ पासून एखाद्याच संभाषणासहि चॅट लॉक लावतां येतें.

चित्रें व कागदपत्रें ह्यांसाठीं फडताळें निराळीं आहेत. गूगल फोटोजमध्यें लॉक्ड फोल्डर आहे. गूगलच्याच फाइल्स ह्या अ‍ॅपमध्यें सेफ फोल्डर आहे. आयफोनवरील हिडन नांवाचा अल्बम सन २०२२ च्या आयओएस १६ पासून मुळांतच कुलूपबंद असतो. येथें एक इशारा दिला पाहिजे. अशा फडताळांतील वस्तूची दुसरीकडे नक्कल नसेल, आणि अ‍ॅप काढून टाकलें किंवा फोन पुसला गेला, तर ती वस्तु कायमची जाते. तेव्हां दहावीची गुणपत्रिका कुलुपांत ठेवावयाची तर तिची एक प्रत घरांतल्या दुसऱ्या सुरक्षित जागीं असूं द्यावी. ह्याच्या उलट, जें पुसलें असें आपणांस वाटतें तें लगेच जात नाहीं: आयफोनवर पुसलेलें चित्र साधारण तीस दिवस, आणि गूगल फोटोजमध्यें साठ दिवसांपर्यंत, कचऱ्याच्या टोपलींत पडून असतें. टोपली रिकामी केल्यावांचून केर गेला असें समजूं नये. आधारकार्डाची प्रत कोणास द्यावयाची झाल्यास, ज्यांत शेवटचे चारच आंकडे दिसतात अशी झांकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढून घेतां येते. जेथें ती चालते तेथें तीच द्यावी.

आतां आम्हीं जी चूक केली तिचें औषध. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्यें अँड्रॉइडवर मीडिया व्हिजिबिलिटी, आणि आयफोनवर चित्रें फोटोजमध्यें साठविण्याचें कलम असतें. तें बंद केलें म्हणजे नवीं आलेलीं चित्रें गॅलरींत सांडत नाहींत. हें काम आम्हीं त्या माउलीच्या घरून परत येतांना बसच्या थांब्यावर उभे राहून केलें. त्याला एक मिनिटहि लागलें नाहीं. चार दिवस शाळा चुकलेल्या मुलाकडे पाहिलें कीं तें एक मिनिट आम्हांस आठवतें.

फोन दुसऱ्याच्या हातीं देण्याचा प्रसंग आल्यास त्याचीहि तजवीज आहे. अँड्रॉइडवर सन २०१४ पासून असें करितां येतें कीं, एकच अ‍ॅप पडद्यावर खिळून राहावें आणि पिनवांचून त्यांतून बाहेर पडतां येऊं नये. आयफोनवर गायडेड अ‍ॅक्सेस नांवाची सोय सन २०१२ पासून आहे. तिच्या योगानें पडद्याला केलेला स्पर्शच निष्फळ करून ठेवतां येतो, म्हणजे दाखविलेलें एकच चित्र दिसतें, पुढचें सरकत नाहीं. फोन दुरुस्तीस टाकतांना आपली माहिती झांकून ठेवणारी पद्धति सॅमसंग व गूगल ह्यांच्या कित्येक फोनांत आली आहे. ती नसेल तर नक्कल घेऊन फोन पुसूनच द्यावा. परंतु सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोन आपल्याच हातांत धरून चित्र दाखविणें. वह्या पांच मिनिटें थांबल्या असत्या.

चोर दारानेंच येतो असें नाहीं; कधीं कधीं आपणच त्याला पाहुणा म्हणून घरांत घेतों. विजेरीचें अ‍ॅप संपर्कयादी मागूं लागलें, किंवा खेळाचें अ‍ॅप सगळीं छायाचित्रें मागूं लागलें, तर त्याला त्यांचें काय काम, असा प्रश्न स्वतःस विचारावा आणि परवानगी नाकारावी. आयफोनवर सन २०२० पासून व अँड्रॉइडवर सन २०२३ पासून, सगळीं चित्रें न देतां निवडक दोनचारच एखाद्या अ‍ॅपास दाखवितां येतात. अर्थात्, जें आपण एकदां दुसऱ्यास पाठविलें त्यावर आपलें कोणतेंच कुलूप चालत नाहीं. तेथून पुढें राखणदार तो.

विद्यार्थिमित्रहो, येथवर वाचून तुमच्यापैकीं कित्येकांस आनंद झाला असेल कीं, सर स्वतःच लपवालपवी शिकवूं लागले! म्हणून एक भेद नीट समजून घ्या. बाहेरून गणकयंत्र दिसावें आणि आंत चित्रें दडविलेलीं असावींत, अशीं सोंगाडीं अ‍ॅपें पुष्कळ मिळतात. तीं आपण वापरूं नयेत असें आमचें मत आहे. पहिलें कारण व्यवहाराचें. तीं बहुधा अनोळखी लोकांनीं बनविलेलीं व जाहिरातींनीं भरलेलीं असतात. त्यांपैकीं कांहीं तर फाइल नुसती दुसरीकडे हलवितात, गुप्तलिपींत बदलीत नाहींत. आणि अ‍ॅप गेलें कीं आंतला ऐवजहि जातो. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. कुलूप हें खोटें बोलत नाहीं. "येथें कांहीं आहे, आणि तें तुझें नाहीं," एवढें तें सरळ सांगतें. सोंग मात्र म्हणतें, "येथें कांहींच नाहीं." आजीच्या पेटीचें कुलूप आम्ही रोज पाहत होतों, आजीनें ती पेटी पेटी नाहीं असें आम्हांस कधीं भासविलें नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, भिणारास सोंगच घ्यावें लागतें. तें खरें आहे. माहेरचीं पत्रें परक्या पेटींत ठेवणारी ती सासुरवाशीण खोटी नव्हती, भ्यालेली होती. परंतु तिनें काय केलें तें पाहा. तीं पत्रें तिनें एखाद्या भिंतींत पुरलीं नाहींत. विश्वासाचें एक माणूस शोधलें. तुमच्या फोनांत अशी एखादी गोष्ट आली असेल कीं जिच्या भीतीनें झोंप येत नाहीं, कोणी चित्र पसरविण्याची धमकी देत असेल, पैसे मागत असेल, अनोळखी मनुष्य गोड बोलून छायाचित्रें मागत असेल, तर ती कुलुपांतहि ठेवूं नका आणि सोंगांतहि दडवूं नका. ती पुसूं नका. पुरावा म्हणून राहूं द्या, आणि आई, वडील, मोठी बहीण, वर्गशिक्षक ह्यांपैकीं ज्यांचा विश्वास वाटेल त्यांस दाखवा. मुलांसाठीं १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीं १९३० हे साहाय्याचे क्रमांक आहेत. भ्यालेल्यास कुलुपापेक्षां आजीची गरज अधिक असते.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलाच्या फोनला कुलूप दिसलें कीं कित्येकांचा संताप होतो. तो होऊं देऊं नये. लहान मुलाचा फोन हा घराचाच फोन आहे, आणि त्याची किल्ली वडील माणसांपाशीं असली पाहिजे, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. वाढत्या मुलाच्या बाबतींत आम्हीं एका घरीं पाहिलेली रीत सांगतों. त्या घरच्या मुलीनें आपला पासकोड कागदावर लिहून लखोट्यांत घातला, लखोटा चिकटवून त्यावर सही केली, आणि तो आईच्या कपाटांत ठेवला. करार असा कीं, खरी काळजी वाटली तर आईनें लखोटा फोडावा. परंतु आधीं सांगावें आणि मुलीच्या देखत फोडावा. आई म्हणते, लखोटा अजून फुटलेला नाहीं. पण तो कपाटांत आहे म्हणून दोघींसहि झोंप लागते. ज्या घरीं एकच फोन चौघांत फिरतो तेथें ही रीत चालावयाची नाहीं. तेथें निदान एकमेकांचें संभाषण विचारल्यावांचून उघडावयाचें नाहीं, एवढा नेम तरी पाळतां येईल. आणि मुलांकडून ज्याची अपेक्षा करावयाची तें आपणहि करावें. मुलाचे कमी पडलेले गुण, त्याच्या आजाराची चिठ्ठी, न्हाणींतलें लहानपणचें छायाचित्र, हीं आपणच दहा गटांत पाठवीत असूं, तर राखणदारी कशी असते हें तें मूल कोणापासून शिकेल?

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्ही त्या घरीं पुन्हां गेलों आणि आईस व मुलास तो अथपासून इतिपर्यंत वाचून दाखविला. गोष्ट त्यांची आहे. त्यांच्या परवानगीवांचून ती सांगितली असती तर तोच अपराध आमच्या हातून दुसऱ्यांदा घडला असता. ओळख पटूं नये म्हणून त्यांनीं दोनतीन बारीकसारीक गोष्टी बदलावयास सांगितल्या. त्या बदलल्या आहेत. मुलगा म्हणाला, "सर, छापा, दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये." आईनें मात्र एक वाक्य गाळावें असें सुचविलें. तें आम्हीं तेथेंच खोडलें. तें वाक्य कोणतें होतें हें आम्ही कोणास सांगणार नाहीं. तें आतां आमच्या पेटींत आहे.

हें वार्षिक हातीं पडेल त्या दिवशीं प्रत्येक विद्यार्थ्यानें व पालकानें आपल्या खिशांतील पेटी घटकाभर समोर ठेवून, हिच्यांत आपल्या विश्वासावर कोणाकोणाचें काय ठेवलें आहे, ह्याची मनाशीं एकदां मोजदाद करावी, एवढीच आमची नम्र विनंति आहे. कुलूप कोठें लावावयाचें हें मग आम्हीं सांगावयास नको.